पापडाचा डबा

जवळजवळ तीन तासांचा सिनेमा आमच्या घरी पाच तास चालतो, कारण रिमोट कन्येच्या हातात असतो.

गेल्या रविवारी मिसळ चापून सुस्तावलो होतो. म्हटलं, 'साउंड ऑफ म्युझिक' लावू. १९६५ चा, अख्ख्या घराने मांडीला मांडी लावून बघावा असा. ऑस्ट्रियातल्या एका कॅप्टनची मुलं सांभाळणारी मारिया त्यांना घेऊन बाजारात आली आणि चित्र थांबलं.

"बाबा, ते खोकं बघा."

"संत्री आहेत."

"त्यावर इस्रायलचं नाव आहे. गोष्ट १९३८ ची, इस्रायल झालं १९४८ ला."

मी हा सिनेमा तीस वर्षं बघतोय. मला संत्रीसुद्धा दिसली नव्हती.

काचेच्या मंडपातल्या गाण्यावर मान डोलवायला घेतली, की पुन्हा टक्. थोरलीचं काम करणारी नटी म्हणे शूटिंगला बाकावरून घसरून काचेत गेली, घोटा दुखावला, बँडेजवर मेकअप थापून तिला नाचवली. आता त्या गाण्यात मला घोटाच दिसतो. होडी उलटते तिथे धाकट्या पोरीला पोहताच येत नव्हतं. कॅप्टन गातो तेव्हा ओठ क्रिस्टोफर प्लमरचे, गळा बिल ली नावाच्या गायकाचा. शेवटी नाझींपासून पळत सगळे डोंगर चढून स्वित्झर्लंडला निघतात, माझ्या घशात आवंढा येतो, आणि कार्टी म्हणते, "साल्झबर्गचा डोंगर ओलांडला की जर्मनी लागते. म्हणजे थेट हिटलरच्या अंगणात. खरं कुटुंब रेल्वेने इटलीला गेलं." म्हणजे नाशिकहून त्र्यंबकला म्हणून निघायचं आणि सिन्नरला उतरायचं!

"अगं, फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे," मी उसळलो. "१९१७ च्या त्यांच्या 'लंकादहन'मध्ये राम अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच. काही अडलं का कुणाचं?"

"तेव्हा रिमोट नव्हता," ती म्हणाली.

संध्याकाळी पुण्याचे पाहुणे आले. नवीन कान मिळाले की मी २००८ चा पूर काढतो. सराफ बाजारात सासुरवाडी, गोदामाईचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी, आणि मी कमरेएवढ्या पाण्यातून सासूबाईंची लोणच्याची बरणी डोक्यावर घेऊन...

"थांबा," कन्या म्हणाली. हातात रिमोट नव्हता, पण अंगठा हलला. "दिवाळीत पाणी मारुतीच्या छातीशी होतं. गणपतीत तुम्ही गुडघाभर पाण्यात होतात. आणि बरणी नव्हती, पापडाचा डबा होता."

"बरणीही होती, डबाही होता."

"दोन्ही डोक्यावर?"

पाहुणे माझ्या डोक्याकडे बघू लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही बाहेर आली, पदराला हात पुसत. सोळा वर्षं गप्प बसलेली बाई.

"डबाच होता, आणि तो मी आणला. हे होळकर पुलावर उभं राहून पूर बघत भजी खात होते."

कन्येने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "म्हणजे आई बिल ली!"

पाहुण्यांना बिल ली कोण ते कळलं नाही. त्यांनी वातावरण सावरायला विचारलं, "कसली होती भजी?"

"कांद्याची," मी म्हणालो.

"बटाट्याची," ही म्हणाली.