भाडेकरारातली शाळा

“अमेरिकेत बघ, प्रत्येक मूल घराजवळच्या सरकारी शाळेत जाते आणि तिथे कुणाची काही तक्रार नसते,” हे वाक्य गेल्या काही वर्षांत मला पुण्यातल्या इतक्या जणांनी ऐकवले आहे, की आता ते कानावर पडले तरी माझे डोके फिरते. संदर्भ दर वेळी एकच असतो, शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांनी गरीब मुलांना द्यायच्या 25 टक्के मोफत प्रवेशांचा. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला आणि ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या प्रवेशांतून मोकळे केले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैत तो रद्दच केला. न्यायालयात विषय मिटला, तरी दिवाणखान्यांतून तो मिटलेला नाही. माझी एक शाळेतली मैत्रीण, जिची दोन्ही मुले पुण्यातल्या एका महागड्या शाळेत शिकतात, ती अजूनही ठामपणे म्हणते की सरकारचा बदल योग्यच होता, गरिबाच्या मुलाने आपल्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत जावे आणि सरकारने ती शाळा सुधारावी. एवढे बोलून ती पुरावा म्हणून माझेच नाव पुढे करते, कारण माझी मुले न्यू जर्सीत सरकारी शाळेत शिकतात.

शिकतात, हे खरे आहे. फी नाही, डोनेशन नाही, साडेतीन वर्षांच्या पोराला रंग ओळखायला लावणारी मुलाखत नाही, पिवळी बस दाराशी येते आणि पुस्तके शाळाच देते. हे सगळे मी अभिमानाने सांगते आणि पुण्यातल्या फीचे आकडे ऐकून थोडी नाकही मुरडते. मात्र आमच्या घराजवळ शाळा होती म्हणून मुले तिथे गेली, असा क्रम नाही. आम्ही आधी डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका शाळा-बोर्डाच्या हद्दीतला भाग, ठरवले, मग त्या डिस्ट्रिक्टमधली प्राथमिक शाळा ठरवली, आणि शेवटी तिच्या हद्दीत भाड्याने मिळेल ते घर घेतले. नवऱ्याचे ऑफिस, ट्रेनचे स्टेशन, स्वयंपाकघरातला उजेड, वॉशर-ड्रायर घरात की तळघरात, हे सगळे प्रश्न नंतरचे होते. झिलो या घरे शोधायच्या संकेतस्थळावर घर उघडले की भाड्याच्या खाली शाळांची नावे येतात आणि प्रत्येक नावाशेजारी ग्रेटस्कूल्स या शाळांना गुण देणाऱ्या संस्थेचा एक ते दहा असा आकडा असतो. मध्य न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या कुटुंबांत सातच्या खाली कुणी वाचतही नाही.

अपार्टमेंट भाड्याने देणाऱ्या लीजिंग ऑफिसातली ती बाई मला अजून आठवते. मी तिला सरळ विचारले की इथली शाळा चांगली आहे का, तर ती गोड हसली आणि म्हणाली की त्याबद्दल मला काही बोलता येत नाही. 1968 च्या घरविषयक समान हक्क कायद्याचा धाक असा, की भाडेकरूला वंश पाहून अमुक वस्तीकडे वळवले असा आरोप येऊ नये म्हणून ही मंडळी शाळेच्या दर्जावर अवाक्षर काढत नाहीत. पण तिने टेबलावरचा नकाशा माझ्याकडे फिरवला आणि एका रस्त्यावरून पेनाचे टोक हळूच नेले. रस्त्याच्या अलीकडे एक डिस्ट्रिक्ट, पलीकडे दुसरे. दोन्हीकडे तसेच दोन बेडरूमचे, तशाच करड्या कार्पेटचे, खडखडणाऱ्या एसीचे अपार्टमेंट, आणि अलीकडचे महिना साडेचारशे डॉलरने महाग. या फरकाचे वर्षाचे रुपये केले तर माझी मैत्रीण पुण्यात एका मुलाची भरते त्या फीच्या पुढे जातात. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1999 साली बोस्टनच्या उपनगरांत नेमके हेच मोजले होते. त्यांनी शाळेच्या हद्दीच्या दोन बाजूंची घरे शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर शाळेच्या परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असले की आईवडील घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात असे निघाले. म्हणजे फी आहेच. ती शाळा घेत नाही, घरमालक घेतो, एवढाच काय तो फरक.

ही फी ज्याला परवडत नाही त्याचे काय होते, हे मैत्रिणीच्या वाक्यात कुठे येत नाही. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात केली विल्यम्स-बोलर या आईने आपल्या दोन मुलींना स्वतःच्या वडिलांच्या पत्त्यावर शेजारच्या, अधिक चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये घातले. डिस्ट्रिक्टने तिच्यावर पाळत ठेवली, खटला झाला, 2011 साली ती दोषी ठरली आणि नऊ दिवस तुरुंगात राहिली. पुढे गव्हर्नरांनी गुन्ह्याचे स्वरूप सौम्य केले, पण तिने जे चोरले असे म्हटले गेले ते सरकारी शाळेतले शिक्षण होते. आमच्याकडेही मुलाचे नाव घालताना भाडेकरार, विजेचे बिल, बँकेचे पत्र असे कागद समोर ठेवावे लागतात, आणि पत्ता खोटा निघाला तर डिस्ट्रिक्ट दिवसागणिक शिक्षणाचे पैसे वसूल करू शकते. महाराष्ट्रात 25 टक्क्यांच्या प्रवेशासाठी घराचे ठिकाण नकाशावर टाकावे लागते, एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य मिळते आणि भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. तिथेही बनावट करार सापडतात, आणि त्यावर “ही माणसे किती लबाड” अशी चर्चा होते. त्या चर्चेत मला कधी उत्साहाने भाग घेता आला नाही. शाळेसाठी पत्ता विकत घेणारी मी आणि शाळेसाठी पत्ता खोटा लिहिणारा तो, आमच्या दोघांच्या डोक्यात विचार एकच असतो. माझ्याकडे पैसे असतात.

मैत्रीण म्हणते तशी “सरकारी शाळाच सुधारा” ही वाट न्यू जर्सीने चालून पाहिलेली आहे, आणि खरे तर बहुतेक राज्यांपेक्षा इमानदारीने पाहिलेली आहे. शाळेचा मोठा खर्च गावातल्या घरपट्टीतून निघतो, त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, हे गणित जुनेच आहे. 1973 साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या खटल्यात सांगितले की या विषमतेवर संघराज्याच्या घटनेत इलाज नाही. मग लोक आपापल्या राज्यांच्या न्यायालयांत गेले. इथल्या अ‍ॅबट खटल्यात 1990 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले की गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतका पैसा मिळालाच पाहिजे, आणि पुढे अशा डिस्ट्रिक्टची संख्या 31 झाली. राज्याची राजधानी ट्रेंटन त्यांतली एक. पैसा गेला, इमारती झाल्या, बालवाड्या तर उत्तम झाल्या. प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेंटन दोन स्टेशनांवर आहे. आमच्या ओळखीतल्या एकाही कुटुंबाने मात्र तिथे घर पाहिल्याचे मी ऐकलेले नाही, कारण न्यायालयाने पैशाला हद्द ओलांडायला लावली, मुलांना नाही. मुलांना हद्द ओलांडायला लावण्याचा प्रयत्न डेट्रॉइटमध्ये झाला होता, आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तोही मोडून काढला. उपनगरांनी स्वतः काही गैर केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहरातल्या मुलांच्या सोयीत ओढता येणार नाही, असे ते म्हणणे होते. न्यू जर्सीत 2018 साली पुन्हा एक खटला भरला गेला. ज्याने त्याने आपल्याच गावच्या शाळेत जायचे हा नियम मुळात शाळांमध्ये वंशांची फाळणी करतो, असा त्यातला दावा आहे.

गावे आपली हद्द कशी राखतात तेही पाहण्यासारखे आहे. 1975 आणि 1983 च्या माउंट लॉरेल निकालांमुळे इथल्या गावांना परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलणे बंधनकारक आहे. तरीही नव्या इमारतीचा प्रस्ताव आला की नगर परिषदेच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, शाळेत किती मुले वाढतील? पंचावन्न वर्षांवरच्या लोकांसाठीची वसाहत म्हटली की सगळ्यांचे चेहरे उजळतात, कारण त्या घरांतून घरपट्टी येते आणि मुले येत नाहीत. तीन बेडरूमच्या भाड्याच्या घरांना विरोध होतो. विरोध करणाऱ्यांत गेल्या दशकभरात देशपांडे, रेड्डी आणि अग्रवाल ही नावेही आली आहेत, हे आपल्या माणसांच्या लवकर रुळण्याचे लक्षण म्हणायचे.

म्हणून मला 25 टक्क्यांचा तो नियम मोलाचा वाटतो. त्याची अंमलबजावणी कशी होते ते मला ठाऊक आहे. शाळांना सरकारकडून मिळायचा परतावा थकतो, काही शाळा त्या मुलांना वेगळे बसवतात, आठवीनंतर मुलांचे काय हे कायदा सांगत नाही, आणि सोडतीत नाव न आलेल्यांचे दुःख वेगळेच. तरीसुद्धा, कोठारी आयोगाने साठच्या दशकात परिसर शाळेचे जे स्वप्न पाहिले होते, ज्यात वस्तीतली सगळी मुले एका शाळेत यायची, त्यातला निदान चौथा हिस्सा या कलमाने कायद्यात उतरवला. महागड्या शाळेने शेजारच्या वस्तीतल्या मुलाला आत घेतलेच पाहिजे, असे सांगण्याची छाती अमेरिकेच्या कुठल्याही विधिमंडळाला झालेली मला माहीत नाही. इथे बंगल्यांच्या रांगेत झोपडीच उभी राहू देत नाहीत, त्यामुळे शेजारी कोण याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुण्यात अजून उद्भवतो, सोसायटीच्या भिंतीला लागून वस्ती असते, आणि माझ्या मैत्रिणीला नेमके तेच खुपते.

ती आणि मी एका बाकावर बसत होतो. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, फी इतकी किरकोळ की ती भरायला आम्हीच पैसे मुठीत धरून कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या राहायचो. आमच्या वर्गात डॉक्टरांची मुलगी होती, मंडईत गाळा असणाऱ्यांची होती, आमच्या गल्लीत इस्त्रीचे दुकान चालवणाऱ्यांची होती, आणि गणितात आम्हा सगळ्यांना तीच मागे टाकायची. त्या शाळेच्या भिंतींचा रंग उडालेला होता आणि स्वच्छतागृहांबद्दल न बोललेले बरे, पण ती कुणाची शाळा आहे असा प्रश्न तेव्हा पडत नसे. आमच्या पिढीतल्या ज्यांना जमले त्या सगळ्यांनी आपली मुले तिथून काढली, म्हणजे घातलीच नाहीत, आणि वर्ग रिकामे झाल्यावर आता आम्हीच म्हणतो की मराठी शाळांना मुले मिळत नाहीत. मैत्रिणीने हे फीच्या पावतीने केले, मी विमानाच्या तिकिटाने. “तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस,” असे ती म्हणते तेव्हा मला राग येतो, पण प्रत्युत्तर सुचत नाही. मी तिकडे बसल्यामुळेच तिच्या उदाहरणातली भोके मला दिसतात, एवढे मात्र मी सांगू शकते.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवी ओळख झाली की दुसऱ्या की तिसऱ्या वाक्याला विचारतात, “कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये?” पूर्वी आडनाव आणि गाव विचारून माणूस जोखत असत, ते काम आता हा प्रश्न करतो. उत्तर ऐकून समोरच्याचा पगार, व्हिसाची रांग, घर भाड्याचे की स्वतःचे, सगळे कळते. आमचे ग्रीन कार्ड कधी येईल ते देव जाणे. मतदान आम्हाला नाही, शाळेच्या बोर्डाच्या निवडणुकीतही नाही, आणि नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची की सामान आवरायचे, याची टांगती तलवार कायम. अशा अवस्थेत “आमचे डिस्ट्रिक्ट” हे दोन शब्द मी ज्या मालकी हक्काने उच्चारते, तसा हक्क मला या देशात दुसऱ्या कशावर सांगता येत नाही. मुलीच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले भारतीय किंवा चिनी वंशाची आहेत. तिच्या वर्गशिक्षिका मोठ्या कौतुकाने याला वैविध्य म्हणतात, पण त्या सगळ्या मुलांचे आईबाप त्याच चार-पाच प्रकारच्या ऑफिसांत काम करतात, आणि माझ्या जुन्या वर्गातली इस्त्रीवाल्यांची मुलगी त्या वैविध्यात कुठेच बसत नाही.

मध्यंतरी आमच्या प्राथमिक शाळांच्या हद्दी नव्याने आखायची चर्चा निघाली. एका शाळेत गर्दी, दुसरीत वर्ग मोकळे, म्हणून भाड्याच्या काही इमारती इकडून तिकडे टाकाव्यात, असा साधा हिशेबी प्रस्ताव होता. दुसरी शाळा मैलभर लांब, शिक्षक तितकेच चांगले, फक्त झिलोवरचा तो आकडा दोनने कमी. मत देता येत नसले तरी बोर्डाच्या सभेत कुणालाही तीन मिनिटे बोलता येते. मी नाव नोंदवले, कागदावर मुद्दे काढले आणि माइकसमोर उभी राहून सांगितले की हद्द आहे तशीच राहावी, कारण आम्ही तिच्याकडे पाहून घर घेतले आहे. टाळ्या पडल्या. प्रस्ताव तूर्त मागे पडला आहे. वसंतात तो पुन्हा येणार असे कळते, आणि मी पुन्हा नाव नोंदवणार आहे.