"मी सगळ्यांना माफ केलंय"

दुपारपासून हे लिहितोय आणि खोडतोय. आता टाकतोच.

आज महिन्याचा पहिला रविवार, आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. त्याआधी एक गृहस्थ साक्ष द्यायला उभे राहिले. "मी सगळ्यांना माफ केलंय, माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही, म्हणून देव माझ्या प्रार्थना ऐकतो." मंडळी म्हणाली, आमेन. त्यांची विधवा भावजय मागे बसली होती. भाऊ गेल्यावर वर्षाच्या आत तिला घराबाहेर काढलं ते याच माणसाने, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ती मान खाली घालून गीतांच्या पुस्तकाचा कोपरा दुमडत राहिली.

अहो, माफ कुणाला केलंत तुम्ही? तिला?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. वेदीजवळ दान आणलंस आणि आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. भावाच्या मनात! तुझं मन साफ आहे का, हे तिथे विचारलेलंच नाही. आणि येशू हे बोलला गालीलात. वेदी यरुशलेमात, शंभर किलोमीटरहून लांब, पायी काही दिवसांची वाट. तिथवर नेलेलं दान सोडून गावी परतायचं, भावाचं दार वाजवायचं, मग पुन्हा तेवढंच चालायचं.

नगरहून श्रीरामपूरला एसटीने दोनेक तास लागतात. मला सहा वर्षं लागली.

आईची माती झाली त्या संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, मी ताईला म्हणालो, "तू बांगड्यांसाठी आलीस." शेवटचे तीन महिने आईच्या उशाशी ताईच बसली होती. मी सुट्टीच्या दिवशी डोकावायचो. ती काही बोलली नाही, पिशवी उचलून निघाली.

त्यानंतर रोज रात्री मी तिचं नाव घेऊन प्रार्थना करायचो. प्रभू, तिचं मन मऊ कर. तिचं! प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडल्याची ओळ येई, तेव्हा मला वाटायचं की मी सोडलंय, माझा विवेकभाव शुद्ध आहे. ऋण माझ्याच अंगावर होतं.

म्हणून त्या गृहस्थांचा एवढा राग आला बहुतेक. त्यांचं वाक्य सहा वर्षं माझ्या तोंडी होतं.

सगळ्यांनाच जाता येत नाही, मान्य. समोरचा माणूस मातीआड गेलेला असतो. मार खाल्लेल्या बाईलाच "जा, समेट कर" म्हणून धाडणारे तर मला अजिबात सहन होत नाहीत, जायचं मारणाऱ्याने. सगळ्यांशी शांतीने राहा, हे सांगताना प्रेषित पौलही "शक्य असेल तर" म्हणतो, बरं. पण लगेच पुढे म्हणतो, तुमच्याकडून होईल तितकं. आज त्या गृहस्थांच्या आणि भावजयीच्या मध्ये फक्त सात बाक होते हो. सात.

वसईचा माझा कॅथलिक मित्र सांगतो, त्यांच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, कम्युनियनआधी (त्यांचं प्रभुभोजन) शेजारच्याला शांती देतात. मला फार आवडतं ते. पण शेजारी बहुधा आपलंच माणूस असतं. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, तो आधीच दूरचा बाक धरतो.

ताईने दार उघडलं तेव्हा मी घरून घोकलेलं सगळं विसरलो. "त्या दिवशी मी खोटं बोललो" एवढंच निघालं तोंडातून. ती म्हणाली, "आधी पाणी पी." बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू माझ्यासाठी प्रार्थना करतोस असं मावशीने सांगितलं होतं. बांगड्यांपेक्षा त्याचाच जास्त राग आला मला."

गेल्या नाताळात ती आली. जेवली, आईच्या खोलीत थोडा वेळ बसली. राहा म्हणालो, तर म्हणाली, नको, संध्याकाळची गाडी आहे. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा पिशवी मात्र तिने माझ्या हातात दिली.