धावपट्टीवरचा सर्चलाइट

साराजेवो ही बोस्नियाची राजधानी. १९९२ मध्ये पेटलेल्या युद्धात बोस्नियन सर्बांनी या शहराला वेढा घातला होता. शहराच्या विमानतळाला लागून बुटमीर नावाची वस्ती आहे. तिथल्या एका साध्या घरापासून विमानतळाच्या पोटाखालून वेढ्यातल्या शहरापर्यंत १९९३ साली बोगदा खणला गेला. लांबी सुमारे ८०० मीटर, उंची दीड मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम एक मीटर. आता त्यातला थोडासाच तुकडा बघायला ठेवलाय. दोन वर्षांपूर्वी लेकीबरोबर गेले होते. कंबरेत वाकून तेवढाच चालले आणि माझी पाठ धरली. लोक यातूनच पिठाची पोती, डिझेलचे डबे, जखमी माणसं नेत होते. बाहेर पडणाऱ्याच्या हातात त्या घरच्या आजी पाण्याचा पेला द्यायच्या.

बोगदा का लागला, ते ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होते. वर धावपट्टी होती आणि ती युनोच्या ताब्यात होती. जून १९९२ मध्ये सर्बांनी विमानतळ सोडला तो मदतीची विमानं उतरावीत म्हणून, आणि सर्ब किंवा बोस्नियन सरकार, दोन्हीपैकी कुणीही त्याचा वापर लढाईसाठी करायचा नाही या अटीवर. त्यामुळे वेढ्यातल्या शहरातून रात्री कुणी धावपट्टी ओलांडून पळू लागलं, की युनोचे सैनिक त्याच्यावर सर्चलाइट टाकायचे आणि पकडून परत शहरात नेऊन सोडायचे. त्या उजेडात सर्ब नेमबाजांना माणूस स्वच्छ दिसायचा. कितीतरी जण तिथेच पडले.

हे सगळं आत्ता लिहितेय, कारण आमच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर परवा वाद झाला. बाहेरच्या देशांनी सर्ब आणि बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुसलमान, यांच्यात बाजू का घेतली? उत्तर तयारच होतं : ज्याचा त्याचा धर्म. रशिया आपल्यासारख्याच ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सर्बांचा, मुसलमान देश बोस्नियाकांचे, झालं.

धर्माचं नातं नव्हतं असं मी म्हणत नाही. ग्रीसमधून स्वयंसेवक सर्बांकडून लढायला गेले होते. बोस्नियातल्या झेनिका शहराच्या बाजूला अरब मुजाहिदीनांचा तळ होता. पण जरा जवळ जाऊन बघा. १९९४ मध्ये इराणची शस्त्रं बोस्नियाला पोचली ती क्रोएशियातून, म्हणजे कॅथलिक देशातून, आणि क्रोएशियानं त्यात आपला वाटा काढून घेतला. त्याकडे काणाडोळा कुणी केला, तर इराणशी उभा दावा असलेल्या अमेरिकेनं. आणि रशिया? मे १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेत बेलग्रेडवर, म्हणजे सर्बियाच्या राजधानीतल्या सरकारवर, निर्बंध लादायचा ठराव आला तेव्हा रशियानं ठरावाच्या बाजूनं मत दिलं. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांना तेव्हा पाश्चात्त्यांचा पैसा हवा होता. घरातल्या राष्ट्रवाद्यांचा आवाज चढला तसे सर्ब भाऊबंद आठवायला लागले.

माझ्या मते सगळ्यात मोठी बाजू घेतली गेली ती सप्टेंबर १९९१ मध्ये, बोस्नियात लढाई पेटायच्या आधीच. बोस्निया, सर्बिया, क्रोएशिया ज्याचे भाग होते त्या अख्ख्या युगोस्लाव्हियावर सुरक्षा परिषदेनं शस्त्रबंदी घातली. सगळ्यांना सारखी, म्हणून न्यायाची वाटणारी. पण युगोस्लाव्ह सैन्य बोस्नियातून निघालं तेव्हा त्याच्या तोफा आणि रणगाडे बोस्नियन सर्बांकडे राहिले. दुसऱ्या बाजूला शिकारीच्या बंदुका आणि पोलिसांची हत्यारं. एकाच्या हातात तोफ, दुसऱ्याचे हात रिकामे, आणि मधे उभा राहून कुणी म्हणतो, आता दोघांनीही नवं काही आणायचं नाही! साराजेवोचा वेढा १,४२५ दिवस चालला. ११,५४१ माणसं गेली. २०१२ मध्ये शहराच्या हमरस्त्यावर तेवढ्याच लाल खुर्च्या मांडल्या होत्या, मुलांसाठी लहान खुर्च्या.

ब्रिटन आणि फ्रान्सनं ही बंदी उठू दिली नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांचे सैनिक निळी हेल्मेटं घालून तिथे धान्य पोचवत होते, युद्ध भडकलं असतं तर ते मधे सापडले असते. मे १९९५ मध्ये झालंही तसंच. नेटोनं बाँब टाकल्यावर सर्बांनी शेकडो सैनिकांना ओलीस धरलं.

युनोच्या या शांतिसेनेचे पहिले प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९७१ चं वीरचक्र मिळवलेले. काम नेमून दिलं होतं क्रोएशियातलं, मुख्यालय ठेवलं साराजेवोत, आणि महिन्याभरात युद्ध दाराशी आलं. सर्चलाइट धरणाऱ्या पोरांना मी दोष देणार नाही. त्यांना हुकूम देणाऱ्या राजधान्यांना जरूर देईन.

मग अमेरिका १९९५ मध्येच का उतरली? तेलासाठी म्हणावं तर बोस्नियात तेल कुठेय! जुलैमध्ये स्रेब्रेनित्सा पडलं. युनोनं स्वतः सुरक्षित म्हणून जाहीर केलेलं ते गाव. आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. जगाला लाज वाटली हे खरंच. पण आणखी एक हिशेब होता, तो फारसा सांगितला जात नाही. युनोच्या सैनिकांना बाहेर काढायची वेळ आली तर अमेरिका सुमारे वीस हजार सैनिक पाठवेल, असा शब्द क्लिंटन आधीच देऊन बसले होते. म्हणजे अमेरिकन पोरं जाणारच होती, तीही पराभवाची सोबत करायला आणि निवडणुकीच्या तोंडावर. त्यापेक्षा बाँब टाकून तडजोड करायला लावणं सोपं. ३० ऑगस्टला हल्ले सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये युद्ध थांबवणारा डेटन करार झाला. साडेतीन वर्षं जे जमत नाही म्हणत होते, ते तीन महिन्यांत जमलं. याचा राग मला अजून येतो.

मे २०२४ मध्ये ११ जुलै हा स्रेब्रेनित्साच्या नरसंहाराचा स्मरणदिन करायचा ठराव युनोच्या महासभेत आला. ८४ बाजूनं, १९ विरोधात, ६८ तटस्थ. भारत तटस्थांत होता. कारणं मला कळतात. बेलग्रेड हे नेहरू-टिटोंच्या काळापासूनचं मैत्र, काश्मीरवर सर्बिया आपली बाजू घेतो. पण गुन्हा व्यक्तींचा असतो, कुठल्या समाजाचा नाही, हे त्या ठरावात मुद्दाम घातलं होतं. सर्ब जनतेवर त्यात बोट नव्हतं. मला आपलं मत त्या ८४ मध्ये हवं होतं. तिथल्या सामूहिक कबरींतून काढलेल्या हाडांची ओळख अजून पटतेय, आणि जे ओळखू येतात त्यांना दर ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीच्या दफनभूमीत पुरलं जातं.