‘४५० रुपयात दगड आणि गवत’ या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार भाऊ,

मी नागपूरच्या आसपास ज्या पायी फेऱ्या नेते, त्यातल्या सप्टेंबरच्या फेरीवरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार दिले तुम्ही, आणि खाली लिहिलं की गाडी पाऊण तास उशिरा आली, अर्ध्या रस्त्यातून परत फिरवलं, ४५० रुपयात दगड आणि गवत दाखवलं, हे सगळं मॅपवर फुकट सापडतं, आणि शेवटी हे की नागपूरजवळ पायी फिरण्यासारखं काही नाहीच, जंगल म्हणजे सफारीच्या जिप्सीवाल्यांचं. एकेक करून उत्तर देते. थोडं लांब होईल, पण हॉस्टेलवर राहणारी बाकीची मुलंमुली पण इथं वाचतात, त्यांच्याही कामाचं आहे.

उशिराचं तुमचं शंभर टक्के बरोबर. सहाला विद्यापीठाच्या गेटवर बोलावलं आणि गाडी पावणेसातला आली, आणि त्या पाऊण तासात मी फक्त एक मेसेज टाकला, ‘येतेच आहे’. भाड्याची गाडी होती, ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता, पण ते माझं मी बघायला पाहिजे होतं, तुम्ही माझ्या भरवशावर उभे होते. सप्टेंबरमध्ये पाऊण तास म्हणजे सकाळचा चांगला वेळ गेला, नंतर ऊन आणि दमटपणा किती होतो ते तुम्ही भोगलंच. गाडीचे म्हणून तुमच्याकडून जे १५० घेतले होते ते आज परत पाठवले आहेत, एकदा बघून घ्या.

नाल्यावरून परत फिरवलं ते मात्र मी बदलणार नाही, आणि पुढच्या वेळी पण असंच करीन. तुम्ही लिहिलं की पाणी गुडघ्याएवढंच होतं. होतं, तुमच्या बाजूने. आपल्यासोबत जो गावातला पोरगा होता तो आधी एकटा काठी घेऊन उतरला होता, ते बहुतेक तुमच्या लक्षात नाही आलं कारण तुम्ही सगळे मागे फोटो काढून राहिले होते. मधोमध काठी त्याच्या कमरेच्या वर गेली, आणि पाणी चहासारखं लाल होतं, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झालेला आणि अजून पाणी यायचं होतं. इकडच्या काळ्या जमिनीत नाल्याच्या तळाला गाळ असा असतो की पाय गेला तर बूट तिथंच राहतो. अकरा जण होते, दोघींना पोहता येत नव्हतं. मी तुमच्या शिव्या खाईन पण नाला ओलांडू देणार नाही.

आणि हे मी उगाच घाबरून नाही सांगून राहिली. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप, मिशनरी होते, पण नागपूरच्या आसपासचा दगड न दगड पायाखाली घातलेला माणूस. इथल्या खडकांवर आणि नागपूरच्याच टाकळीच्या जीवाश्मांवर त्यांनी आणि त्यांचे सोबती मिशनरी हंटर यांनी मिळून १८५० च्या दशकात लिहिलं, ते भूगर्भशास्त्रवाले आजही वाचतात. हा माणूस सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून परत येताना पुराचा नाला ओलांडताना बुडून गेला. तोच महिना, आपण बघितली तशीच धोंड्यांची वर्तुळं, तसाच नाला. दर पावसाळ्यात मी निघण्याआधी सोबतच्या पोरांना ही गोष्ट सांगते. त्या दिवशी उशीर झाला म्हणून घाईत तुम्हाला सांगायची राहिली, सांगितली असती तर कदाचित परत फिरणं तुम्हाला एवढं लागलं नसतं.

आता ‘दगड आणि गवत’. भाऊ, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, स्टारपेक्षा याचं जास्त वाटलं.

ते दगड म्हणजे जुनापाणी. काटोल रोडला, शहराच्या इतक्या जवळ, तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपली माणसं पुरली आणि भोवती हे धोंडे गोल मांडून ठेवले. रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये याच्याबद्दल छापून आणलं. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, मी तुम्हाला बोट लावून बघायला सांगितलं होतं, आठवतं का, पावसाचं पाणी साचलं होतं त्यात. आणि त्याच पट्ट्यात माहुरझरी आहे, तिथं १९७० ते ७२ मध्ये खोदकाम झालं, घोड्याचे अवशेष निघाले, त्याच्या अंगावरचे तांब्याचे दागिने निघाले, आणि ते खोदकाम तुम्ही आज ज्या विद्यापीठात पीएचडी करता त्याच विद्यापीठाने केलं. १९२३ मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ, शंभर वर्षं होऊन गेली, आणि कॅम्पसवरच्या किती मुलांना माहीत असेल की आपल्याच लोकांनी तासाभराच्या आत असलेल्या शेतात हे सगळं शोधलं? ते कळावं म्हणूनच तर मी तिथं नेते.

आणि गवताचं. तुम्ही सांगलीकडचे, सह्याद्रीत वाढलेले, तिकडे गडावर चढलं की खाली दरी दिसते, धबधबा दिसतो, बघायला डोळे मोठे करावे लागत नाही. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे सपाट आहे, टेकाडं आहेत, खुरटी झाडं आहेत, आणि त्याला विदर्भात नावच आहे, झुडपी जंगल. कित्येक वर्षं कागदोपत्री हे जंगल आहे की पडीक जमीन हाच वाद चालू होता, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे जंगलच धरायचं. म्हणजे जे तुम्ही गवत म्हणून सोडून दिलं त्याच्यासाठी लोक एवढी वर्षं भांडले. रोही तिथंच चरते, तुमच्याकडे तिला नीलगाय म्हणतात. टिटवी तिथंच उघड्या जमिनीवर अंडी घालते. ससे, तितर, चंडोल, सगळे याच खुरट्यात राहतात, दाट सागात नाही.

त्या दिवशीची एकच गोष्ट सांगते. विहिरीवर जी बाभूळ वाकली होती, तिथं आपण पंधरा मिनिटं थांबलो, तुम्ही तेव्हा सावलीत बसले होते म्हणून तुमची राहून गेली. सुगरणीची नऊ घरटी होती. त्यातली दोन अर्धीच, टोपी उलटी टांगावी तशी. नर खाली डोकं करून लोंबकळून पंख फडफडवत होता, मादी आली, आत डोकावली, आतली एक काडी चोचीने ओढून बघितली आणि उडून गेली. तो बिचारा परत गवताचं पातं चिरायला गेला. त्या अर्ध्या घरट्याच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे लिंपलेले दिसत होते, दुर्बिणीतून स्पष्ट. आपल्यातल्या एका मुलीने सगळं वहीत काढलं, तिला विचारा, ती तुमच्याच हॉस्टेलच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहते.

जिप्सीवालं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. वाघांच्या जंगलात पाय खाली ठेवता येत नाही, पेंच असो, ताडोबा असो, बोर असो, उमरेड-कऱ्हांडला असो, तिथं गाडी आणि गाइड घेऊनच फिरायचं, खाली उतरायचं नाही, आणि ते योग्यच आहे. पावसाळ्यात तर कोअर म्हणजे जंगलाचा आतला भाग साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच असतो. विद्यार्थ्याला परवडायचं म्हटलं तर सहा जणांनी मिळून एक गाडी, तेवढाच उपाय आहे. पण त्याच्याशिवाय नागपूरजवळ काही नाही हे मी मान्य करणार नाही, कारण माझ्या सगळ्या रविवारच्या सकाळी त्याच ‘काही नाही’ मध्ये गेल्या आहेत.

तुमच्या कॅम्पसच्या मागेच अंबाझरी आहे. तलावाच्या पलीकडे जैवविविधता उद्यान आहे, तिकीट काढायचं आणि पायी नाहीतर सायकलने फिरायचं, उघडं गवताळ रान आहे, हिवाळ्यात सकाळी जा आणि तारेवर बसलेला नीलपंख बघा, उडाला की निळा रंग काय असतो ते कळते. सेमिनरी हिल्स तर शहरातच आहे, अभ्यास करून डोकं जड झालं की संध्याकाळी चालायला तेवढं पुरे. गोरेवाड्याला २०२१ मध्ये सफारी सुरू झाली, ती गाडीची आहे, आणि तिथल्या राखीव जंगलात बिबटे आहेत, म्हणून कोणी ‘मागच्या बाजूने वाट आहे’ म्हणून नेत असेल तर अजिबात जाऊ नका.

एक पूर्ण दिवस असेल तर रामटेक. आणि रामटेकला गाडी थेट मंदिराच्या पार्किंगपर्यंत नेऊ नका, अंबाळा तलावापासून जुन्या दगडी पायऱ्या वर जातात त्याने चढा, वर पोचले की खिंडसी तलावाचं पाणी दिसते. अंधारात आकाश बघायचं असेल तर पेंचच्या बफरमध्ये, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यात, वाघोली तलावाजवळ सोय आहे, जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, अमावस्येच्या आसपास जा.

महिना पण बघावा लागतो, हे मात्र बाहेरून आलेल्यांना कोणी सांगत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालायला सगळ्यात चांगलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा पानं नसतात झाडाला, नुसता केशरी रंग. नंतर मोहफुलं गळतात, पहाटे बाया टोपल्या घेऊन वेचायला जातात, आणि अस्वल पण त्याच वेळी त्याच झाडाखाली येते, म्हणून जंगलाला लागून असलेल्या गावात त्या दिवसात मी पहाटे कोणाला नेत नाही. मे महिन्यात तर मी कामच बंद ठेवते, ४५ डिग्रीत कोणाला चालवायचं.

आणि ‘मॅपवर फुकट आहे’ बद्दल. आहे ना, वाट मॅपवर दिसते. पण त्या वाटेत कोणत्या शेताच्या कुंपणाला रानडुकरासाठी झटका मशीन लावली आहे, कोणी रात्री सरळ लाईनचा करंट सोडते, कोणाचा कुत्रा सुटा असते, कोणत्या बांधावरून जायला शेतमालकाची हरकत नाही, हे मॅपवर नसते. ते त्या गावातल्या पोराला माहीत असते, आणि तुमच्या पैशातला मोठा भाग त्याला जातो. उरलेल्यात तर्री-पोहे, चहा, प्रथमोपचाराची पेटी आणि माझं थोडं. महाग वाटलं असेल तर मी समजू शकते, स्टायपेंड वेळेवर येत नाही हे मला माहीत आहे, माझा स्वतःचा मुलगा तेच भोगून राहिला आहे.

तुमच्या रिव्ह्यूमुळे दोन गोष्टी मी बदलल्या. एक, गाडी आता आदल्या रात्री नक्की करते आणि ड्रायव्हरचा नंबर सगळ्यांना देते. दोन, पावसाळ्याच्या प्रत्येक फेरीच्या मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत लिहिते की नाल्याला पाणी असलं तर अर्ध्यातून परत, आणि जनावर दिसेलच असं नाही. हे आधीच लिहायला पाहिजे होतं, तुम्ही वाघाची आशा धरून आले असाल तर चूक तुमची नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी मी तीच वाट परत करणार आहे, नाल्याच्या पलीकडच्या टेकाडापर्यंत, जे तुमचं राहून गेलं. तेव्हा नाल्यात घोट्याएवढं पण पाणी नसते. तुमची जागा ठेवली आहे, पैसे द्यायचे नाहीत. यायचं असलं तर गुरुवारपर्यंत मेसेज करा, नसलं तरी तसं कळवा, मागे दोन मुली वाट बघून आहेत. सहा वाजता त्याच गेटवर, आणि या वेळी मी स्वतः साडेपाचपासून तिथं असीन. फुल पँट आणि जुने बूट घाला, तोपर्यंत गवत वाळलेलं असते आणि कुसळं मोज्यात घुसली की घरी जाऊन एकेक काढत बसावं लागते.