जाड हात, फुल्ल पंखा आणि पिनहोल

सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभरात चौथ्यांदा लाकडाच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा तोच फॉरवर्ड: ‘पॉलिशवाल्याला हजारो रुपये कशाला? पीयूचा डबा जोरात हलवा, कुठल्याही थिनरने पातळ करा, एकच जाड हात मारा, पंखा फुल्ल ठेवा. घासायची गरज नाही. काचेसारखं फिनिश!’

डबा हलवलात की आत हवा जाते आणि तीच बुडबुडे होऊन लाकडावर उतरते. पट्टीने सावकाश ढवळायचं, मॅट पीयू असेल तर अगदी तळापासून.

जाड हाताचा पराक्रम मी स्वतः केलाय. परळच्या घरातला सागवानी टीपॉय, महिना जुलै. वरची साय आधी धरली, खालचं थिनर आतच अडकलं. दोन दिवसांनी चहाचा कप ठेवला तर बुडाची गोल खूण उमटली, आणि खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, म्हणजे पिनहोल. दोन डब्यांच्या पीयूतला हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं दुसऱ्या डब्यातलं रसायन, हे आयसोसायनेट. हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याच्या बुडबुड्यांचीही अशी भोकं पडतात, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते. पातळ हात मारा आणि कोरडा दिवस बघा. नाहीतर सरळ दिवाळीनंतर.

‘कुठलंही थिनर’ तर नकोच. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या थिनरमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, हार्डनर त्यालाही चिकटतो आणि थर नरम राहतो. ज्या कंपनीचं पीयू, त्याच कंपनीचं पीयू थिनर घ्या.

पंखा? आधी पात्यांवर बोट फिरवून पाहा, मग ठरवा. खिडकी उघडी, पंखा बंद. थर बोटाला चिकटेनासा झाला की लावा.

आता घासणं. गुळगुळीतपणा डब्यातून येतच नाही. सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला हात वाळल्यावर तळवा फिरवा, बारीक खडे लागतील. ३२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने. पांढरी भुकटी पडली तर थर वाळलाय. पेपरवर गोळ्या धरल्या तर अजून कच्चा आहे, थांबा. भुकटी पुसून पुढचा हात, पुन्हा घासणं. पॉलिशवाल्याला आपण पैसे देतो ते मुख्यतः याचेच. त्या डिसेंबरात टीपॉय लाकडापर्यंत घासताना माझे दोन रविवार गेले.

मास्कचं फॉरवर्डमध्ये नावच नाही. हार्डनरची वाफ कापडी मास्कला जुमानत नाही, दमा जडू शकतो. वन रूम किचनमध्ये स्प्रे गन तर आणूच नका.