गेंड्या भुंगा आणि 65 टनांचा ट्रेलर

"गेंड्या भुंगा स्वतःच्या वजनाच्या 850 पट वजन उचलतो. एवढी ताकद माणसात असती, तर त्याने 65 टनांचा ट्रेलर एकट्याने उचलला असता. मग तुम्ही छोट्याशा संकटाने का खचता?" व्हॉट्सअॅपवर हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. आधीची दोन विधानं मात्र तपासायला हवीत.

आधी 850. रॉजर क्रॅम या अमेरिकन संशोधकाने 1996 मध्ये गेंड्या भुंग्यांच्या पाठीवर खरोखरच वजनं लादून पाहिली. शरीराच्या 30 पट ओझं घेऊन ते व्यवस्थित चालले. 100 पटीच्या आसपास त्यांची मजल संपली. हेही कमी नाही, पण 850 कुठे! शिवाय हे पाठीवर वाहणं झालं, उचलणं नव्हे. क्रॅमला सापडलेली खरी गंमत या निरोपात कधीच नसते: स्वतःचं एक ग्रॅम अंग हलवायला भुंग्याला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी ऊर्जेत तो ओझ्याचं एक ग्रॅम नेतो.

कुणीतरी लगेच शेणकिड्याचा 1141 पटींचा आकडा पुढे करतो. तो 2010 च्या प्रयोगातला आहे आणि खराही आहे. पण त्यात किड्याला दोरा चिकटवून त्याला बिळातून बाहेर खेचायला किती जोर लागतो, हे मोजलं होतं. पाय रोवून टिकून राहणं वेगळं, उचलणं वेगळं.

आता ट्रेलर. सगळी गफलत इथे आहे. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो. वजन मात्र घनफळावर. 4 सेंटिमीटरचा भुंगा त्याच ठेवणीत 160 सेंटिमीटरचा केला, तर लांबी 40 पट, जोर 1,600 पट आणि वजन 64,000 पट होईल. म्हणजे वजनाच्या हिशेबात ताकद 40 पटींनी घटली. 100 पट वाहणारा आता जेमतेम अडीच पट वाहील. 1988 च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये तुर्की वेटलिफ्टर नईम सुलेमानोग्लूने 60 किलो गटात 190 किलो डोक्यावर उचलले होते, तिपटीहून जास्त! गॅलिलिओने आकारमानाचा हा हिशेब 1638 मध्येच मांडून ठेवला आहे. शिवाय आपला राक्षसी भुंगा उभा राहायच्या आधीच गुदमरेल. त्याला फुप्फुसं नाहीत; अंगावरच्या छिद्रांतून हवा बारीक नळ्यांवाटे थेट पेशींपर्यंत जाते, आणि एवढ्या मोठ्या देहात ती व्यवस्था पुरणार नाही.

काही निरोपांना शेपूट असतं: तो शिंगाने वजन उचलतो आणि पाठीचं पोलादी कवच भार पेलतं. शिंग हाडाचं नसतं, बाह्यकवचाचीच ती वाढ असते. शिंगवाल्या भुंग्यांचे नर प्रतिस्पर्ध्याला उलथवायला ते वापरतात. पाठीवरचं "कवच" म्हणजे पुढच्या पंखांची कडक जोडी. उडायचे पातळ पंख तिच्याखाली घडी करून ठेवलेले असतात. डोक्यामागे जी रुंद ढाल दिसते, तो छातीचा फक्त पहिला खंड. उरलेले दोन खंड आणि पोट पंखांखाली झाकलेलं असतं.

जोर दिसतो तो पुढच्या पायांत. ते चपटे, रुंद आणि कडेला दाते असलेले, थेट खणायच्या कामाचे. कोकणातल्या नारळ बागायतदारांना ते चांगलंच ठाऊक आहे. हा भुंगा माडाच्या शेंड्यात भोक पाडून आत घुसतो, न उमललेला कोवळा कोंब कुरतडतो आणि रस पितो. पुढे ती झावळी उघडते तेव्हा कात्रीने त्रिकोणी तुकडे कापल्यासारखी दिसते. मग शेंड्यावर चढून त्या भोकात तारेचा आकडा घालायचा आणि भुंगा ओढून काढायचा. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, त्यामुळे खड्डा उपसून त्या वेचल्या नाहीत, तर पुढची पिढी पुन्हा शेंड्यावर हजर.