कॅलिपर जरूर रंगवा, पण त्या मेसेजप्रमाणे नको

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांकडून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ब्रेक कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) रंगवायला गॅरेजवाले हजारो रुपये घेतात, तेच काम घरी अर्ध्या तासात होतं. चाक काढायची गरज नाही. चाकाच्या फटींतून पेट्रोल मारून कॅलिपर धुवा आणि साधा लाल स्प्रे मारा. रंगामुळे ब्रेक थंड राहतो, गंज थांबतो, ब्रेक रेसिंगच्या गाडीसारखा लागतो. डिस्कवर रंग उडालाच तर पहिल्या ब्रेकला निघून जातो.

घरच्या गाड्यांच्या ब्रेकची कामं मी बरीच वर्षं स्वतः करतोय. दोन गाड्यांचे कॅलिपर रंगवलेतही, आणि ते सुंदर दिसतात. माझा विरोध रंगाला नाही. ज्या सांगण्यामुळे चालता ब्रेक बिघडू शकतो, त्याला आहे.

सगळ्यात आधी पेट्रोल, कारण या मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट तीच.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर टेकतो. मग सगळा कॅलिपरच दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड पलीकडून डिस्कवर ओढतो. आता पेडल सोडलं. पिस्टनला मागे ओढायला तिथे स्प्रिंग नसते. ते काम पिस्टनभोवतीचं रबरी सील करतं. दाब असताना ते किंचित वाकलेलं असतं, दाब गेला की मूळ आकारात येतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. चाक मोकळं फिरतं ते त्या केसभर अंतरामुळे.

हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो खरं, पण त्यात खनिज तेल नसतं. ते ग्लायकॉलच्या कुळातलं रसायन आहे आणि ईपीडीएम ते उत्तम सोसतं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, गंज सैल करणारे फवारे मात्र या रबराला चालत नाहीत. ते फुगतं, मऊ पडतं, आकार सोडतं. ‘ऑइलच्याच जागी पेट्रोल लागलं तर काय बिघडतं?’ असं मला एकाने विचारलं होतं. त्या नावाने केलेला हा घोटाळा आहे.

बाहेरून मारलेलं पेट्रोल आतल्या सीलपर्यंत लगेच पोहोचत नाही, हे मान्य. पण पिस्टनवरचं रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं आवरण) आणि पिनांवरची रबरी टोपणं बाहेरच असतात. माझा मावसभाऊ दर महिन्याला चाकं रॉकेलने पुसायचा आणि कॅलिपरही त्यातच उरकायचा. एका बाजूचं बूट फुगून खाचेतून निसटलं, पावसाळ्यात आत पाणी गेलं आणि पिस्टन गंजून अडकायला लागला. एक दिवस त्याच चाकातून करपल्याचा वास यायला लागला. चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती, दुसरं चाक मात्र कोमट. रंगाचा इथे संबंधही नव्हता. नुसत्या धुण्याने ही वेळ आली.

शिवाय गाडी फिरवून आणल्यावर डिस्क इतकी तापलेली असते की तिच्यावर पेट्रोल उडवणं म्हणजे आगीला आमंत्रण. ब्रेक थंड होऊ द्यावा आणि ब्रेक क्लीनरच वापरावा. तो उडून जातो, मागे तेलकट थर ठेवत नाही. पॅड झिजून साठलेली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. आधी साबणाच्या पाण्याने ओली करून पुसावी, तोंडावर मास्क असावा. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि नसलं तरी ती भुकटी छातीत भरून घेण्यासारखी नाही.

‘रंगामुळे ब्रेक थंड राहतो’ हे वाचायला बरं वाटतं, पण आकडे मांडून बघा. माणसांसह १,२०० किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरते, म्हणजे साधारण पाचशे मीटर खाली येते. त्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा वीसेक लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल. त्यातला काही वाटा हवा आणि इंजिन घेतं. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन बराच भार उचलतं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळजवळ सगळा ब्रेकवर येतो. ही उष्णता मुख्यतः डिस्कमध्ये साठते आणि डिस्कवरून वाहणारी हवा ती घेऊन जाते. कॅलिपरवरच्या रंगाच्या पातळ थराने त्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, लाल असो वा काळा. घाटासाठी खरंच काही करायचं असेल तर ब्रेक ऑइल वेळेवर बदला. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडतं आणि खाली जातं.

गंजाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. कॅलिपर बहुधा बिडाचा असतो, आणि रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत तो चटकन तांबडा होतो. नीट घासून लावलेला रंग हे थांबवतो. पण वरवरच्या गंजाने बिडाची ताकद कमी होत नाही. गंज नडतो तो पिनांवर आणि पॅड सरकतात त्या खाचांत, आणि तिथे रंग लावायचाच नसतो. न घासता गंजावर मारलेला स्प्रे पापुद्र्यांसारखा सुटतो, ते वेगळंच.

साधा स्प्रे का नको? ब्रेकची उष्णता सोसायला तो बनवलेलाच नसतो. कॅलिपरच्या किंवा इंजिनच्या रंगाच्या डब्यावर तो किती अंश सोसतो ते छापलेलं असतं. २०० च्या वरचा घ्यावा. आणि ब्रेक ऑइल रंग खातं. कुठे झिरपत असेल तर आधी ते दुरुस्त करा, रंग नंतर.

आता ‘चाक काढू नका’. या कामातलं कसब रंग कुठे लागू द्यायचा नाही यात आहे, आणि चाक जागेवर असताना त्यातलं काहीच झाकता येत नाही. पॅडच्या खाचा, दोन्ही पिना, रबरी बूट, पिस्टन, ब्लीडर निपलचं (ब्रेकमधली हवा काढायच्या छोट्या स्क्रूचं) तोंड, ब्रेकचा होज म्हणजे ऑइलची रबरी नळी, डिस्क आणि चाक जिथे हबला, म्हणजे ते बसतं त्या मधल्या भागाला, टेकतं ती बैठक, एवढं सगळं टेपने आणि कागदाने झाकायचं. खाचेत रंगाचा थर बसला की पॅड अडकतो, एका बाजूने झिजतो. हबच्या बैठकीवर जाड रंग बसला तर तो नंतर दबतो आणि आवळलेले व्हील नट सैल पडू शकतात. त्यामुळे चाक काढा, आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नका; खाली स्टँड हवेच. कॅलिपर सोडवलात तर तो होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. मला स्प्रेपेक्षा ब्रश बरा वाटतो. दोन पातळ हात, मधे डब्यावर दिलेला वेळ. दोन चाकांना माझा अख्खा रविवार जातो, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ तारेच्या ब्रशने घासण्यात.

डिस्कवरचा रंग पहिल्या ब्रेकला निघतो, हेही अर्धंच खरं. पातळ शिंतोडे घासले जातात, पण ते पॅडच्याच तोंडावर घासले जातात. आणि थेट पॅडवर बसलेला रंग असा जात नाही. निघण्याआधी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायला एक मिनिट लागतं.

रेसिंगचं म्हणाल, तर पोर्शच्या गाड्यांत पिवळा कॅलिपर सिरॅमिक डिस्कच्या ब्रेकचा असतो. तिथे आधी ब्रेक वेगळा आहे, मग रंग. आपल्या हॅचबॅकचा एका पिस्टनचा कॅलिपर पिवळा केला तरी पिस्टन एकच राहतो.

राहता राहिले गॅरेजचे हजारो रुपये. चाक काढून, घासून, पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावून रंग देणार असतील, तर ते पैसे मेहनतीचे आहेत. द्यायच्या आधी एवढंच विचारा: चाक काढणार का, आणि धुणार कशाने? घरी केलंत आणि पॅड मागे ढकलले असतील, तर गाडी सुरू करून जागेवरच पेडल चार-पाच वेळा दाबा. ते वर येऊन घट्ट लागल्याशिवाय गिअर टाकू नका.